नावं माहीत आहेत, मोबाइल नंबरही आहेत

दर पंधरा-वीस दिवसांनी मोबाइलवर एक व्हिडिओ येऊन पडतो. कुणी जिममध्ये ट्रेडमिलवरून खाली येतो, कुणी गरब्याच्या मैदानात, कुणी वरातीत नाचता नाचता. पुढचे चार दिवस तेच तीन पक्ष तीच भांडणं भांडतात. एकाचं बोट कोविडच्या लशीकडे, दुसऱ्याचं जिम आणि प्रोटीन पावडरकडे, तिसऱ्याचं ताणतणाव आणि बाहेरच्या खाण्याकडे. चौथा पक्ष भांडत नाही, तो जाहिरात देतो: फुल बॉडी चेकअप, आजपुरतं निम्म्या दरात. या गदारोळात ज्या माणसाबद्दल आपल्याला सगळ्यांत जास्त माहिती आहे त्याचा विषयच निघत नाही. ज्याचं हृदय एकदा बंद पडून पुन्हा सुरू झालं आहे, किंवा मोठ्या झटक्यात ज्याच्या हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा कायमचा मेला आहे आणि ‘पंपिंग’, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, तीस टक्क्यांवर आलं आहे, असा माणूस. तो पुन्हा कोसळू शकतो हे डॉक्टरांना ठाऊक असतं, डिस्चार्ज कार्डावर तसा आकडाही असतो. माझं म्हणणं असं की, आकस्मिक हृदयमृत्यू टाळण्यासाठी सरकारचा पहिला रुपया आणि आपलं पहिलं लक्ष या ओळखीच्या माणसांवर गेलं पाहिजे. कुणाचं हृदय बंद पडेल याचे अंदाज बांधणं त्यानंतर.

आधी दोन गोष्टींची गल्लत दूर करू. रक्तवाहिनी तुंबून हृदयाचा स्नायू मरू लागतो तो हार्ट अटॅक. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छाती धरून रिक्षात बसून दवाखान्यात जातो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युत लय विस्कटते, खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. छाती दाबणं सुरू झालं नाही, तर शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. पहिल्यामुळे दुसरं होऊ शकतं, आणि ते झटक्याच्या दिवशीच होईल असं नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण धरतो. त्या व्रणाच्या कडेने विजेचा प्रवाह गोल गोल फिरू लागला की लय बिघडते. झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, घरचे म्हणाले ‘स्प्रिंग टाकली, आता काळजी नाही’, तरी तो व्रण जागेवरच असतो. सहा महिन्यांनी असतो, सहा वर्षांनीही असतो. सिएटलमध्ये १९७० च्या दशकात रस्त्यावर कोसळून वाचवलेल्या लोकांचा पाठपुरावा झाला तेव्हा दिसलं की, त्यांतला साधारण चौथा हिस्सा वर्षभरात दगावला. ज्यांचं हृदय ताज्या झटक्याच्या भरात थांबलं होतं त्यांची गत बरी होती; बाकीच्यांवर तलवार टांगती होती.

वाद कसा भरकटतो त्याचं अलीकडचं उदाहरण कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याचं. २०२५ च्या मे-जूनमध्ये तिथे चाळीसेक दिवसांत वीसहून अधिक माणसं हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या आल्या. त्यांत तरुण होते, त्यामुळे खळबळ उडाली. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिला लशीचा संबंध सापडला नाही. सापडली ती नेहमीची कारणं, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, घराण्यातला हृदयविकार. तोवर म्हैसूरच्या जयदेव हृदयरुग्णालयासमोर पहाटेपासून धडधाकट माणसांच्या रांगा लागल्या होत्या आणि घाबरून गर्दी करू नका, असं आवाहन रुग्णालयाला करावं लागलं. त्या रांगेत ज्याचं पंपिंग पंचवीस टक्के आहे असा जुना रुग्ण कितव्या नंबरवर उभा राहिला असेल? भीतीने चालणाऱ्या आरोग्यव्यवस्थेत ज्याला गरज सर्वांत जास्त त्याचा नंबर शेवटी लागतो, कारण तो घाबरलेला नसतो. त्याला वाटत असतं की आपलं होऊन गेलं.

लशीच्या वादावर आणखी शाई खर्च करण्याची माझी तयारी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची तुलना त्याच परिसरातल्या जिवंत लोकांशी केली, तो अहवाल २०२३ मध्ये आला. लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढवणारं काय दिसलं? कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, आधीच्या ४८ तासांतलं अतिमद्यपान किंवा फार जोरकस व्यायाम, आणि कुटुंबात पूर्वी झालेला आकस्मिक मृत्यू. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. घरातला एक माणूस असा गेला की मागे राहिलेल्या भावंडांची आणि मुलांची नावं आपल्याला आयती कळलेली असतात.

आता माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा. अमेरिकी हृदयविकारतज्ज्ञ रॉबर्ट मायरबर्ग यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की, धोका ज्यांना सर्वाधिक त्यांची संख्या मुळातच थोडी असते. आकस्मिक हृदयमृत्यूंचा आकडा मोठा होतो तो धोका कमी असलेल्या, पण कोट्यवधींच्या संख्येने असलेल्या सामान्य लोकांमुळे. मरणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला हृदयविकार आहे हे आधी ठाऊकही नसतं. मग ओळखीच्या मूठभर लोकांवर पैसा घालून एकूण आकडा कितीसा खाली येणार? भारतात तर रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडून वाचणारेच फार थोडे. त्या थोड्यांसाठी धोरण आखायचं?

हे गणित मला मान्य आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. कोट्यवधी लोकांपर्यंत पोचण्याचा मार्ग म्हणजे तंबाखू, मीठ, रक्तदाब आणि साखर यांवरचं काम, आणि ते व्हायलाच हवं. पण व्हिडिओ पाहून जी मागणी उठते ती याची नसते; ती असते प्रत्येकाच्या ईसीजीची, इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची), सीटी अँजिओची. असा सरसकट मार्ग आपण देवी रोगाच्या काळात एकदा चोखाळून पाहिला आहे. १९६२ पासून सरसकट लसीकरणाची मोहीम चालली, अनेक भागांत बहुतेक सगळ्यांना टोचूनही देवी हटेना. नायजेरियात १९६६ च्या अखेरीस लस अपुरी पडली म्हणून विल्यम फेगी यांनी वेगळी वाट धरली होती: रुग्ण शोधा आणि त्याच्याभोवतीच्या लोकांना टोचा. भारताने १९७३-७४ मध्ये घरोघर शोधाची हीच पद्धत जोमाने राबवली आणि १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला. हृदयविकार संसर्गजन्य नाही, तेव्हा तुलना अर्ध्या वाटेपर्यंतच चालते, हे कबूल. पण ती अर्धी वाटही महत्त्वाची आहे. तुटपुंज्या साधनांनी काम करायचं असेल तर सुरुवात सापडलेल्या रुग्णापासून करायची आणि तिथून बाहेरच्या वर्तुळात जायचं. वाचलेल्या माणसाच्या सख्ख्या नात्यातल्यांचा ईसीजी आणि इको काढणं म्हणजे तेच बाहेरचं वर्तुळ. हृदयाचा स्नायू जाड होण्याचे आनुवंशिक आजार, किंवा ईसीजीतलं क्यूटी अंतर (दर ठोक्याला खालच्या कप्प्यांची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबण्याचा आजार यांत सख्ख्या भावंडाला तोच दोष असण्याची शक्यता कितीतरी मोठी असते. रस्त्यावरच्या हजार अनोळखी तरुणांत जे सापडणार नाही ते एका घरात सापडतं.

सरसकट तपासणीचे समर्थक इटलीचा दाखला देतात. तिथे १९८२ पासून खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची झाली आणि व्हेनेटो प्रांतात तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. आकडा खरा, प्रभावी. पण इस्रायलने १९९७ मध्ये असाच कायदा केला आणि पुढे आधीच्या-नंतरच्या वर्षांची तुलना झाली तेव्हा फरक दिसला नाही. शिवाय हे सगळं खेळाडूंबद्दल आहे. पंचेचाळिशीतल्या, पोट सुटलेल्या, रोज दोन पुड्या तंबाखू खाणाऱ्या माणसाचा ईसीजी आज नॉर्मल आला याचा अर्थ फार तर एवढाच की आज दुपारी साडेअकराला तो नॉर्मल होता.

दुसरी लोकप्रिय मागणी एईडीची, म्हणजे भिंतीवर टांगलेल्या शॉक देण्याच्या यंत्राची. रेल्वे स्थानकं, विमानतळ, मोठे मॉल इथे ती हवीतच, आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, तर दहावीच्या मुलालाही यायला हवा. लास व्हेगासच्या जुगारखान्यांत सुरक्षारक्षकांना ही यंत्रं दिली होती. तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांपैकी ७४ टक्के लोक जगले. पण जुगारखान्यात प्रत्येक टेबलावर कॅमेरा असतो. माणसं बहुतांशी घरी कोसळतात, आणि घरी कॅमेरा नसतो. झटका येऊन गेलेल्या सात हजार रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरी एईडी ठेवून पाहिलं गेलं. २००८ मध्ये निष्कर्ष आला, मृत्यूंत फरक नाही. रात्री तीन वाजता शेजारी झोपलेली बायको जागीच झाली नाही, तर कपाटातलं यंत्र काय करणार?

याच प्रश्नातून आयसीडी जन्माला आलं: छातीत कातडीखाली बसवलेली, काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यातून हृदयात गेलेली तार, लय बिघडली की ती ओळखते आणि काही सेकंदांत आतूनच शॉक देते. तिचा इतिहास आपल्या आजच्या वादाला फार जवळचा आहे. मिशेल मिरोव्स्की मूळचा वॉर्साचा, ज्यू. कुटुंब नाझींच्या हातून संपलं, स्वतः वाचला. इस्रायलमध्ये असताना त्याचे गुरू हॅरी हेलर यांना वेगवान ठोक्यांचे झटके येऊ लागले. धोका ठाऊक होता. पण रोज रुग्णालयात मॉनिटरखाली कोण राहणार? १९६६ मध्ये ते गेले. मिरोव्स्कीने ठरवलं की अशा माणसाबरोबर चोवीस तास राहणारं यंत्र बनवायचं. बाल्टिमोरला त्याने आणि मॉर्टन मोवर यांनी ते बनवायला घेतलं, तेव्हा विरोध करणारा माणूस ऐरागैरा नव्हता. डीसी डिफिब्रिलेटरचं श्रेय ज्यांना जातं त्या बर्नार्ड लाउन यांनीच १९७२ मध्ये लिहिलं की, हा अपुरा उपाय आहे आणि त्याला अजून त्याचा उपयोगच सापडलेला नाही. मिरोव्स्कीने कुत्र्याची फिल्म दाखवली: कुत्रा कोसळतो, यंत्र शॉक देतं, कुत्रा उठून शेपूट हलवतो. तर म्हणे कुत्र्याला पडायला शिकवलंय! मग त्याने दुसरी फिल्म केली, सोबत चालू ईसीजीची पट्टी दाखवणारी. ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या माणसाच्या शरीरात हे यंत्र बसलं. लाउन यांचा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. कोणाला बसवायचं हे ठरवता येणार नाही, आणि औषधं पुरेशी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिला प्रश्न आजही जिवंत आहे. दुसरा प्रयोगांनी निकालात काढला.

कसा, ते पाहण्यासारखं आहे. झटक्यानंतर जास्तीचे ठोके पडतात, असे ठोके पडणारे लोक जास्त मरतात. मग ठोके दाबणाऱ्या गोळ्या द्या, हे तर्काला धरून होतं आणि अमेरिकेत डॉक्टर सर्रास देत होते. १९८९ मध्ये ‘कास्ट’ चाचणी मध्येच थांबवावी लागली. गोळ्यांनी ठोके दबले आणि माणसं मेली. तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. म्हणून अमुक पदार्थाने हृदयाची लय सुधारते, असा फॉरवर्ड आला की मला कास्ट आठवते. १९९७ मध्ये ‘अविड’ चाचणीत एकदा हृदय बंद पडून वाचलेल्या किंवा तशाच जीवघेण्या लयबिघाडातून गेलेल्या हजारभर रुग्णांना आयसीडी किंवा औषधं, मुख्यतः अमियोडेरोन, देऊन पाहिलं. तीन वर्षांनी आयसीडीवाले ७५ टक्के हयात, औषधवाले ६४. २००५ मध्ये ज्यांचं पंपिंग ३५ टक्के किंवा कमी, पण हृदय कधी बंद पडलेलं नाही अशा अडीच हजार रुग्णांतही तसंच दिसलं: साधारण पावणेचार वर्षांच्या पाठपुराव्यात नुसत्या नेहमीच्या औषधांवर २९ टक्के गेले, अमियोडेरोन जोडलं तरी २८, आयसीडी बसवलं तर २२.

याचा अर्थ दिसेल त्याच्या छातीत यंत्र घाला असा नाही. इथे मी विरोधकांच्या बाजूने दोन पावलं जास्तच चालेन. अविड आणि तशा दोन चाचण्या एकत्र केल्या तर सहा वर्षांत सरासरी आयुष्य वाढतं साडेचार महिन्यांच्या आसपास, आणि फायदा मिळतो तो मुख्यतः कमकुवत हृदयाच्या लोकांना. झटक्यानंतर पहिल्या चाळीस दिवसांत घाईने यंत्र बसवून एकूण मृत्यू घटत नाहीत, हे २००४ मध्येच कळलं. हृदय त्या काळात सावरतं, कित्येकांचं पंपिंग आपोआप वर येतं. ही थांबण्याची मुदत न पाळता यंत्रं बसवल्याबद्दल अमेरिकेत ४५७ रुग्णालयांना २०१५ मध्ये सरकारशी तडजोड करून मिळून २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. कट प्रॅक्टिसच्या, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनच्या, आपल्या मुलखात ही भीती कुणाला वाटली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. यंत्र चुकीचा शॉक देऊ शकतं. छातीत लाथ बसावी तसा तो असतो, असं रुग्ण सांगतात. अर्थिंग नीट नसलेल्या घरात वॉशिंग मशीनला किंवा ओल्या नळाला हात लागून गळतीचा करंट यंत्राला बिघडलेली लय वाटल्याची प्रकरणं नोंदवली गेली आहेत. तार तुटते, डबी ठेवलेल्या कातडीखालच्या जागेत जंतुसंसर्ग होतो, सात-दहा वर्षांनी बॅटरी संपली की डबी बदलावी लागते.

पण या सगळ्यावरून ‘नकोच ती भानगड’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो ‘निवडून, वेळेवर, नीट समजावून’ हा. अमेरिकेचा प्रश्न अतिवापराचा होता, आपल्याकडे गरजवंताला त्याचं नावही सांगितलं जात नाही. आणि यंत्र बसलं म्हणजे माणूस कामातून गेला, ही समजूतही सोडायला हवी. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत मैदानातच कोसळला, वाचला, आयसीडी बसवलं. इटलीच्या नियमांमुळे तिथे खेळता येईना म्हणून क्लबशी करार संपला. तो इंग्लंडला गेला, खेळू लागला आणि २०२४ च्या युरोत त्याने गोलही केला.

यंत्राबद्दल इतकं लिहिलं खरं, पण यंत्राची पाळी बऱ्याच रुग्णांवर येऊच नये अशी सोय स्वस्त गोळ्यांत आहे, आणि आपली खरी नामुष्की तिथे आहे. कमकुवत हृदयावरच्या बारा चाचण्यांतले चाळीस हजारांवर रुग्ण २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २०१४ पर्यंत, आयसीडी नसलेल्या रुग्णांतसुद्धा आकस्मिक मृत्यूचं प्रमाण ४४ टक्क्यांनी उतरलं होतं, मुख्यतः बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी) आणि त्याच्या जोडीच्या औषधांनी. ही औषधं जेनेरिकमध्ये रोजच्या काही रुपयांत मिळतात. मग ती घेतली जातात का?

कुठल्याही तालुक्याच्या गावातली एक प्लास्टिकची फाइल उघडून पाहा. वर रुग्णालयाचं रंगीत चित्र, आत अँजिओग्राफीची सीडी, जी कोणत्याच घरात आता लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर ब्लॉकेज कुठे आणि किती याची आकृती, लाल पेनाने काढलेली. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एलव्हीईएफ ३० टक्के’, म्हणजे तेच पंपिंग. हा आकडा रुग्णाला कुणी वाचून दाखवलेला नसतो. पुढे ‘रिव्ह्यू आफ्टर टू वीक्स’. तो होतो. त्यानंतरचा, तीन महिन्यांनी पुन्हा इको काढून पंपिंग सुधारलं की नाही बघण्याचा, कार्डावर लिहिलेलाच नसतो. मग मेडिकलच्या काउंटरवर रुग्णाच्या बायकोचा प्रश्न: ‘भाऊ, बीपी आता एकशेवीस-ऐंशी आहे, मग ही बीपीची गोळी कशाला चालू ठेवायची?’ ती बीपीची गोळी नाही, नवऱ्याचं हृदय थरथरू नये म्हणून आहे, हे त्या माउलीला सांगायचं कुणी? दुकानदाराने? तो बिचारा गोळी कमी करून बिल कमी करून देतो आणि दुवा घेतो.

आनुवंशिक लयदोष असलेल्या घरांत तर प्रतिबंधाचा अर्धा भाग काय घेऊ नये यातच आहे. क्यूटी लांबलेल्या मुलीला बीटा ब्लॉकर सुरू केला, छान केलं. पुढच्याच महिन्यात ताप आला म्हणून ॲझिथ्रोमायसिन, मळमळ म्हणून ऑन्डनसेट्रॉन, ॲसिडिटी म्हणून डॉमपेरिडोन मिसळलेली कॅप्सूल, तिन्ही एकाच चिठ्ठीवर. तिन्ही औषधं क्यूटी आणखी लांबवू शकतात. जुलाबाने पोटॅशियम उतरलं असेल तर भरीस भर. वर्ज्य औषधांचं एक छापील कार्ड तिच्या दप्तरात ठेवायला किती खर्च येतो?

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. आयसीडीची किंमत लाखांत आहे. स्टेंटच्या किमतींना फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने चाप लावला, औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. आयसीडीला अशी कमाल किंमत ठरवलेली नाही. ती ठरवा म्हटलं की कंपन्या माल काढून घेतील, असा इशारा मिळतो. स्टेंटच्या वेळीही तो मिळाला होता आणि देशात अँजिओप्लास्टी बंद पडल्या नाहीत. दुसरा मार्ग मुंबईनेच जगाला दाखवला आहे, पण मुंबईकरांना तो क्वचितच ठाऊक असतो. अमेरिकेत निधन पावलेल्या किंवा यंत्र बदललेल्या रुग्णांच्या शरीरातून काढलेली, बॅटरी शिल्लक असलेली आयसीडी निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ८१ गरीब रुग्णांना बसवली गेली. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांत त्या जुन्या यंत्राने जीवघेणी लय प्रत्यक्ष मोडून काढली आणि जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. ८१ हा आकडा लहान आहे, मान्य. पण पुन्हा वापरलेले पेसमेकर आणि काही आयसीडी बसवलेल्या एक हजाराहून अधिक रुग्णांचा हिशेब कॅनडातल्या केंद्राने २०२० मध्ये मांडला, जंतुसंसर्गाच्या बाबतीत तोही नव्या यंत्राच्या तोडीचाच निघाला.

आक्षेप असा की गरिबाला उष्टं यंत्र का? हा आक्षेप मला मनापासून अस्वस्थ करतो. पण गरिबासमोरचा पर्याय नवं यंत्र हा नसून काहीच नाही हा आहे, तोवर या आक्षेपाचं ओझं आक्षेप घेणाऱ्यानेच उचलावं. आणि आपल्याकडे हा प्रश्न जास्तच टोकदार आहे, कारण आपण दहन करतो. आगीत बॅटरीचा स्फोट होतो म्हणून पेसमेकर असो की आयसीडी, दहनाआधी काढावंच लागतं. मग ते कचऱ्यात किंवा कुठल्यातरी खणात जातं, कित्येकदा बॅटरीची पाच-सहा वर्षं शिल्लक असताना. नेत्रदानाचा फॉर्म आपण भरतो. ही डबी दान करण्याची कायदेशीर, तपासणीच्या नियमांनी बांधलेली वाट का असू नये?

शेवटचा आक्षेप प्रशासकीय, आणि तो मला सगळ्यांत लटका वाटतो: इतक्या लोकांचा पाठपुरावा करणार कोण? सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून, तारीख चुकली की फोन करण्याची पद्धत बसली. त्याआधी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने काय केलं? आजारी नवजात बाळ रुग्णालयातच वाचतं, अशी तज्ज्ञांची ठाम धारणा असताना गावातल्या बायकांना शिकवून बाळांच्या घरी पाठवलं, आणि १९९९ मध्ये जाहीर झालं की नवजात बाळांचा मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. आशाताईंकडे गरोदर बायांची यादी असते, क्षयरोग्यांची असते. पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असलेल्यांची यादी एका उपकेंद्राला किती लांब पडेल? बऱ्याच गावांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि ही यादी शून्यातून करायची नाही. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची आरोग्य योजना हजारो अँजिओप्लास्टींचे पैसे भरत आली आहे. सुरुवातीपासून तिच्यात फॉलोअपची १२१ पॅकेजेस होती, पण फॉलोअपला रुग्णाने स्वतः यायचं असतं; न आलेल्याला शोधायला कुणी जात नाही. प्रत्येक दाव्यात रुग्णाचं नाव, रेशनकार्ड, गाव, मोबाइल नंबर आणि उपचाराची तारीख असते. त्यात इकोचा आकडा भरणं सक्तीचं करावं, तो भरल्याशिवाय रुग्णालयाचं बिल मंजूर करू नये. नव्वदाव्या दिवशी ३५ टक्क्यांखालची नावं त्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या संगणकावर उतरावीत: पुन्हा इको झाला का, बीटा ब्लॉकर चालू आहे का, आणि पंपिंग अजूनही खालीच असेल तर जिल्ह्याच्या कार्डियोलॉजिस्टची तारीख कोणती. हासनसारखी समिती आपल्याकडे नेमण्याची वेळ आली, तर तिने पहिल्या बैठकीत मागवावा असा कागद तोच.